धुळीची सवय होत नसते

कामाच्या जागची हवा मोजणं हा माझा व्यवसाय आहे. भोसरी, चाकण, कुरकुंभ इथल्या कारखान्यांत मी जाते, तशीच बेकऱ्यांत, गाड्या रंगवायच्या शेडमध्ये आणि मसाला कांडपातही जाते. कामगाराच्या पट्ट्याला एक छोटा पंप लावते, त्याची नळी पाठीवरून पुढे घेते आणि कॉलरला, नाकातोंडापासून वीतभर अंतरावर, फिल्टरची डबी अडकवते. पंप मिनिटाला दोन लिटर हवा ओढतो. पाळी संपली की तो फिल्टर नाजूक तराजूवर तोलायचा, आधीचं वजन वजा करायचं. उरतं ते त्या माणसाच्या नाकासमोरच्या धुळीचं वजन.

पंप लावत असताना मालक शेजारी उभे असतात आणि बहुतेक ठिकाणी तेच वाक्य ऐकू येतं: “मॅडम, नवीन पोराला आठ-पंधरा दिवस शिंका येतात, मग सवय होते.” बेकरीचे शेठ हे म्हणतात, गॅरेजवाले म्हणतात, ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या ताईही म्हणतात. त्यात दुष्टपणा नसतो, त्यांचा खरोखरच तसा अनुभव असतो. पण कामाच्या जागी होणाऱ्या अ‍ॅलर्जीबद्दल इतका महागात पडणारा दुसरा गैरसमज मला माहीत नाही. बेकरीत जे घडतं ते बहुतेक वेळा याच्या उलट असतं.

त्रास उशिरा का होतो

मैद्याच्या धुळीत पहिल्याच दिवशी शिंका आल्या तर ती बहुधा अ‍ॅलर्जी नसते. कुठलीही बारीक धूळ नाकाला चुरचुरते, तसं ते असतं. अ‍ॅलर्जीला वेळ लागतो. गव्हातली प्रथिनं श्वासावाटे रोज आत जात राहतात आणि काही जणांचं शरीर त्यांना शत्रू ठरवतं. मग त्या प्रथिनांविरुद्ध एक खास प्रतिपिंड बनू लागतं, त्याचं नाव आयजीई. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि त्याच सुमारास स्वीडनमधल्या संशोधकांनी ते शोधून काढलं. ही प्रतिपिंडं नाकाच्या, श्वासनलिकांच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. सुरुंग पेरून ठेवावेत तशी ती तयारी असते, पण वरून काहीच दिसत नाही. माणूस ठणठणीत असतो, कामात तरबेज होत असतो. हा काळ काही महिन्यांचा असतो, कधी काही वर्षांचा.

मग एक दिवस तीच प्रथिनं पुन्हा येतात आणि मास्ट पेशी हिस्टामिन आणि इतर द्रव्यं सोडतात. सकाळी भट्टीवर आलं की शिंकांची माळ लागते, डोळे खाजतात, नाक गळतं. बेकरीच्या धुळीत आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांजवळ बहुतेकदा आधी नाक बोलतं आणि छाती मागाहून बोलते. नाकाच्या तक्रारीपासून दम्यापर्यंतचा हा काळ फार मोलाचा आहे, कारण तेव्हा काही करता येतं. नेमका तोच काळ आपण ‘सर्दीची प्रकृती’ म्हणून घालवतो. माझ्या मामांची कराडला पिठाची गिरणी होती. त्यांच्या भुवया पांढऱ्या आणि खिशात कायम मोठा रुमाल. मामांना सर्दीची प्रकृती आहे, असं आम्ही सगळे पंचवीस वर्षं म्हणत आलो. गिरणी भावाकडे सोपवून मामा शेतीकडे वळले आणि सर्दीची प्रकृती वर्षभरात गेली.

आणखी एक गोष्ट लोकांना चकवते. ज्याला पीठ श्वासात गेल्यावर दम लागतो तो माणूस पाव-चपाती सहसा निर्धास्त खाऊ शकतो. ‘रोज तर खातोस, मग तुला पिठाची अ‍ॅलर्जी कशी?’ असं त्याला घरचे विचारतात. वाटा वेगळ्या आहेत: भाजलेलं अन्न पोटात जाणं आणि कच्च्या पिठाची धूळ श्वासनलिकेत जाणं या दोन गोष्टींना शरीर सारखी वागणूक देत नाही.

किती धूळ, हाच खरा प्रश्न

बेकरीतल्या कामगारांना धाप लागते हे आजचं ज्ञान नाही. इटलीतल्या मोडेना इथे बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर आख्खा ग्रंथ लिहिला. त्यात पीठ दळणारे आहेत, पाव करणारे आहेत, धान्य चाळणारे आहेत. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तू काम काय करतोस? आजही दवाखान्यात दम्याच्या रोग्याला हा प्रश्न विचारला जाईलच, याची खात्री देता येत नाही. आणि प्रौढ वयात होणाऱ्या दम्याच्या साधारण १५ टक्के रोग्यांत कामाच्या जागेचा वाटा असतो, असा जगभरच्या अभ्यासांचा हिशेब आहे.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी बेकरी कामगारांच्या कॉलरला माझ्यासारखेच पंप लावले, धुळीतली गव्हाची प्रथिनं मोजली आणि त्याच कामगारांच्या अ‍ॅलर्जीच्या चाचण्या केल्या. जितकी धूळ जास्त, तितकं संवेदनशील होणाऱ्यांचं प्रमाण जास्त, हे त्यातून स्वच्छ दिसलं. घरात दम्याची, अ‍ॅलर्जीची परंपरा असेल तर धोका वाढतो, हेही दिसलं. पण ‘अशा लोकांना कामावर घेऊच नका’ हा त्यावरचा उपाय नव्हे. अशी प्रकृती असलेली तरुण माणसं खूप असतात आणि त्यातल्या बहुतेकांना बेकरीत काही होत नाही. उलट घरात कुणालाच काही नसलेल्या माणसालाही दमा होऊ शकतो. दोन डब्यांच्या रंगात मिसळायच्या हार्डनरमधली आयसोसायनेट ही रसायनं तर प्रकृती बघतच नाहीत. त्यांचा दमा कुणालाही गाठतो.

म्हणून मी माणसं निवडण्यापेक्षा हवा सुधारण्याच्या बाजूची आहे. अमेरिकेतली औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संस्था पिठाच्या धुळीची मर्यादा घनमीटरमागे अर्धा मिलिग्रॅम सुचवते. ब्रिटनचा कायदा आठ तासांच्या सरासरीला दहा मिलिग्रॅम चालवून घेतो आणि तिथेही शक्य तितकं खाली जा असं सांगतो. अंगमेहनत करणारा माणूस एका पाळीत दहा घनमीटरच्या आसपास हवा आत घेतो. म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्या हिशेबानेसुद्धा दिवसाला पाच मिलिग्रॅम पीठ नाकातोंडाशी पोचतं. दोन मर्यादांत वीस पट फरक आहे, पण खालच्या मर्यादेलाही धोका शून्यावर येत नाही, फक्त घटतो.

सरासरीचा आकडा आणखी एक गोष्ट लपवतो. क्षणाक्षणाची धूळ दाखवणारं यंत्र मी बेकरीत ठेवते तेव्हा दिवसभराची रेघ बरीचशी सपाट येते आणि मधेच सुळके उठतात. पोतं खांद्यावरून मिक्सरच्या भांड्यात ओततानाचा एक सुळका असतो. रिकामं पोतं झटकताना दुसरा, कोरडं पीठ असताना मिक्सर एकदम जोरात सुरू केला की तिसरा. लादी लाटताना टेबलावर पिठी भुरभुरवतात तेव्हा लहान लहान सुळके येतात, आणि संध्याकाळी केरसुणीने जमीन झाडताना पुन्हा एक मोठा येतो. अंगावरचं पीठ हवेच्या पाइपने उडवणाऱ्यांचं तर विचारूच नका. म्हणजे धोका आठ तासांत सारखा पसरलेला नसतो. मोजक्या कामांच्या थोड्या मिनिटांत त्यातला मोठा भाग असतो, आणि ही कामं बदलता येतात.

त्यात इम्प्रूव्हर नावाची एक पुडी असते. पाव फुगावा, मऊ राहावा म्हणून मैद्यात चिमूटभर घालतात. त्यात बुरशीपासून काढलेलं अमायलेज हे विकर असतं. प्रमाण नगण्य, पण अ‍ॅलर्जी करण्याची ताकद पिठापेक्षा कितीतरी जास्त. पुडी कोण आणि कशी उघडतं, हे मी आवर्जून बघते.

मग गोठ्यातली मुलं?

इथे जाणते वाचक मला अडवतील. खेड्यातल्या, गुराढोरांत वाढलेल्या मुलांना अ‍ॅलर्जी कमी होते, असं आपण वाचतो. ते खरं आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोघांचं मूळ एकाच भागातलं, खाणंपिणं बरंचसं सारखं. पण आमिश मुलं गोठ्याजवळ वाढतात आणि हटराइट मुलं यंत्रांवर चालणाऱ्या मोठ्या शेतांपासून दूर. आमिश शाळकरी मुलांत दम्याचं प्रमाण शंभरात पाच, हटराइटांमध्ये एकवीस. पण गोठ्यातून मिळतो तो नाना तऱ्हेच्या सूक्ष्मजीवांचा सहवास, आणि तोही शरीराचं संरक्षण घडत असतानाच्या बालवयात. अठरा-वीस वर्षांच्या तरुणाला बंद खोलीत एकाच जातीची प्रथिनं दिवसाला आठ-दहा तास हुंगायला लावणं ही निराळीच गोष्ट आहे. पहिल्यावरून दुसऱ्याचं समर्थन करता येत नाही.

खरी सवय होण्याचंही एक उदाहरण आहे, तेही सांगायला हवं. मधमाश्या पाळणारे जे लोक वर्षाला शेकडो डंख खातात त्यांचं शरीर विषाला बरंचसं सरावतं. वर्षाला मोजकेच डंख बसणाऱ्यांना मात्र गंभीर अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असतो. पण डंख कातडीखाली जातो. पिठाच्या, उंदरांच्या किंवा आयसोसायनेटच्या बाबतीत श्वासावाटे सरावून जाण्यावर कुणी भरवसा ठेवू नये. अशा दम्याने एकदा घर केलं की तो व्हायला जितकी मात्रा लागली त्याहून फार कमी मात्रा पुढे त्रास द्यायला पुरते.

कातडीचं गणित वेगळं

प्रत्येक अ‍ॅलर्जी शिंकेने सुरू होत नाही. गवंड्याच्या आणि बिगाऱ्याच्या हातांवर उमटते ती दुसऱ्या जातीची. तिच्यात आयजीई नसतं, पांढऱ्या पेशी स्वतः कामाला लागतात आणि पुरळ यायला एक-दोन दिवस जातात. सिमेंटमध्ये क्रोमियमचा एक विद्राव्य प्रकार थोड्या प्रमाणात असतो. ओलं सिमेंट आधी कातडी खरवडतं आणि त्या फाटलेल्या कातडीतून क्रोमियम आत शिरतं. एकदा बाधलं की चामड्याच्या चपलेतलं क्रोमियमही पुरतं, आणि पायाला का खाजतं ते कळत नाही.

पार्लरमध्ये काळ्या हेअर डायमधलं पीपीडी हेच करतं. केस ब्लीच करायच्या पावडरीतल्या परसल्फेटचा धोका दुहेरी आहे. हातांवर इसब येतं आणि दमाही होऊ शकतो. ज्या मुली दिवसभर शाम्पूच्या पाण्यात हात घालतात त्यांची कातडी आधीच भेगाळलेली असते. गॅरेजमध्ये पोरं थिनरने हात धुतात, तिथेही तसंच.

आणि आपलं गाजरगवत. पुण्यात १९५०च्या दशकाच्या मध्याला त्याची नोंद झाली आणि १९७०च्या दशकात पुण्यातल्याच रुग्णांवरून त्याच्या त्वचारोगाचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या गवताच्या धुळीतून चेहरा, मान, पापण्या आणि हाताच्या वळणांवर बसतं. खुरपणीला जाणाऱ्या बाईचं शेत हीच तिची कामाची जागा आहे. तिच्या पापण्या सुजतात तेव्हा त्यालाही कामाचा आजार म्हटलं पाहिजे. त्याची कुठल्याही कारखान्याच्या वहीत नोंद होत नाही.

जे उरले तेच दिसतात

आता ‘सवय होते’ या अनुभवाकडे परत येते, कारण तो खोटा नाही, अर्धा आहे. मालक मला तीस वर्षं काम केलेले चाचा दाखवतात. चाचांची छाती खरंच स्वच्छ असते. पण चाचांबरोबर लागलेले इतर कुठे आहेत? एकजण गावी गेला, एकजण रिक्षा चालवतो, एकाला ‘इथलं हवामान मानवलं नाही’. ज्याला त्रास होतो तो काम सोडतो आणि ज्याला होत नाही तो राहतो. काही वर्षांनी शेडमध्ये फक्त न बाधलेली माणसं उरतात आणि बघणाऱ्याला वाटतं की इथे कुणालाच काही होत नाही. अभ्यास करणाऱ्यांनाही या सापळ्याने फसवलेलं आहे. म्हणून नंतरच्या संशोधकांनी नव्या उमेदवारांना पहिल्या दिवसापासून गाठलं. कॅनडातल्या क्युबेकमध्ये बेकरीचं, प्राण्यांच्या देखभालीचं, दातांच्या दवाखान्यातलं काम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांमागे ते वर्षानुवर्षं राहिले. शिकाऊ काळातच अनेकांची शरीरं संवेदनशील होतात, हे तेव्हा दिसलं. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या बाबतीतही पहिली दोन-तीन वर्षं सर्वांत धोक्याची.

सोडून जाणाऱ्याचंही सगळं ठीक होतं असं नाही. व्हँकुव्हरच्या डॉ. मोइरा चॅन-युंग यांनी लाल देवदाराच्या लाकडाने दमा झालेल्या करवत कामगारांचा पाठपुरावा केला. काम सोडल्यानंतरही निम्म्याहून अधिकांचा दमा राहिला. जे बरे झाले त्यांचं निदान लवकर झालेलं होतं आणि त्रास सुरू झाल्यावर ते कमी काळ त्या धुळीत राहिले होते. ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणण्याची किंमत ही आहे.

जिथे हवा बदलली

मी निराशेने लिहीत नाही, कारण या क्षेत्रात खणखणीत यश मिळालेलं आहे. १९६०च्या दशकात कपडे धुण्याच्या पावडरीत डाग खाणारी विकरं घालायला सुरुवात झाली. १९६९ मध्ये ब्रिटनमधले डॉ. फ्लिंट यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की त्या कारखान्यातल्या कामगारांना दमा होतोय. कारखान्यांनी विकराच्या भुकटीऐवजी मेणासारख्या आवरणाचे दाणे करायला घेतले, यंत्रं झाकली, हवा ओढून घेतली. नवे रोगी झपाट्याने घटले. विकरं आजही तुमच्या पावडरीत आहेत.

१९८०-९०च्या दशकांत डॉक्टर-नर्सना रबरी हातमोज्यांनी गाठलं. हातमोजा सहज चढावा म्हणून आत मक्याच्या पिठाची पावडर असते. तिच्यावर रबराच्या चिकाची प्रथिनं चिकटतात आणि हातमोजा काढताना उडतात. जर्मनीने १९९०च्या दशकाच्या अखेरीस पावडरविरहित, कमी प्रथिनांचे हातमोजे सक्तीचे केले आणि पुढच्या काही वर्षांत नव्या संशयित केसेस जवळपास ८० टक्क्यांनी उतरल्या. अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून पावडरचे हातमोजे बंदच केले. आपल्याकडे ते अजून विकले जातात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या दवाखान्यातल्या सिस्टरला, आयाबाईला हे सांगणारं कुणी नसतं. डेन्मार्कने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सिमेंटमध्ये थोडं फेरस सल्फेट मिसळून क्रोमियम निष्प्रभ केलं आणि गवंड्यांच्या हातांचे विकार कमी झाले. २००५ पासून युरोपभर तशी मर्यादा आहे.

या तिन्ही ठिकाणी कामगाराला ‘सवय करून घे’ असं कुणी सांगितलं नाही. माणूस तोच राहिला आणि वस्तू बदलली.

उद्यापासून काय करता येईल

बेकरीवाल्यांना मी जे सांगते त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. पोतं उंचावरून ओतू नका, भांड्याच्या आत टेकवून मग कापा. रिकामं पोतं झटकायचं नाही, सावकाश गुंडाळायचं. आधी पाणी घाला, मिक्सर हळू चालवा, पीठ भिजलं की वेग वाढवा, झाकण लावा. इम्प्रूव्हर भुकटीऐवजी दाणेदार किंवा पातळ स्वरूपात मिळत असेल तर तोच घ्या. झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा किंवा चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम वापरा. मिक्सरच्या तोंडाशी धूळ ओढून घेणारा पंखा बसवला तर फारच उत्तम. मास्क शेवटी. भट्टीसमोर आठ तास एन-९५ कुणी घालू शकत नाही आणि तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. ज्या दहा मिनिटांत सुळके उठतात तेवढ्यापुरता चांगला मास्क मात्र जरूर घाला. आणि कामाचे कपडे घरी नेऊ नका. बेकरी कामगारांच्या घरातल्या धुळीत गव्हाची प्रथिनं जास्त सापडतात.

कामगारांना मी एवढंच विचारते: सुटीत बरं वाटतं का? कोकणातले कामगार गणपतीला गावी जातात, तिथे आठवडाभर छान झोपतात आणि परत आल्यावर दोन-तीन दिवसांत खोकला सुरू होतो. हा फरक डॉक्टरांना सांगा. दम कामावर न लागता रात्री घरी लागत असेल, तरी कामाचा संबंध असू शकतो. कारण ही प्रतिक्रिया काही तासांनीही येते. पीक फ्लो मीटर नावाचं छोटं, स्वस्त यंत्र मिळतं. दिवसातून चार वेळा त्यात फुंकून, कामाच्या आणि सुटीच्या अशा काही आठवड्यांची नोंद ठेवली तर छातीरोगतज्ज्ञाला मोठा आधार मिळतो. मात्र निदान होण्याआधी घाईने नोकरी सोडू नका. कामावर असतानाच्या नोंदीशिवाय पुरावा उरत नाही.

आपल्या कायद्यातल्या अधिसूचित व्यावसायिक आजारांच्या यादीत रसायनांमुळे होणारा त्वचादाह आहे. पण चार-सहा माणसांच्या बेकरीपर्यंत, पार्लरपर्यंत, शेतापर्यंत तपासणी पोचत नाही, आणि आपल्याकडे हे काम बहुतांशी अशाच जागी होतं.

म्हणून मालकांकडे माझी एक मागणी आहे. हजेरीच्या वहीला एक पान जोडा: गेल्या पाच वर्षांत कोण सोडून गेलं, किती महिने काम केल्यावर आणि कशामुळे. शक्य तिथे फोन करून विचारा. ते पान भरल्यावर कोणत्या कामावर जास्त माणसं टिकत नाहीत ते दिसेल, आणि तिथूनच हवा सुधारायला सुरुवात करा. पंप घेऊन मी येईन, पण पहिलं मोजमाप तुम्हीच करू शकता.